किनाऱ्याचा जाणकार

फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट आहे. पालघर जिल्ह्यात वैतरणा नदीच्या खाडीत उतरलेल्या एका तरुणाच्या पायाला शार्कने जबर चावा घेतला. वर्तमानपत्रांत बातमी छापून आली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्नांचा पाऊस पडला. "सर, शार्क तर खोल समुद्रात राहतो ना? मग तो खाडीत कसा आला? वाट चुकला होता का?"

प्रश्न रास्त होता. पण तो शार्क वाट चुकलेला नव्हता. तो बुल शार्क या जातीचा होता, आणि या जातीला खाडी म्हणजे घरचे अंगण. तो तिथे कसा राहतो, गढूळ पाण्यात त्याला भक्ष्य कसे सापडते, खारे पाणी संपून गोडे पाणी लागले तरी तो मरत कसा नाही, हे समजून घ्यायचे तर आधी शार्कची थोडी ओळख करून घ्यायला हवी.

शार्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला अक्राळविक्राळ मासा उभा राहतो. पण जगात शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. व्हेल शार्क बारा मीटरपेक्षाही लांब वाढतो, तर काही जाती हातभर लांबीच्याही नसतात. अनेक जाती आपले सारे आयुष्य किनाऱ्याजवळच काढतात. कोकणात लहान शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात. फावड्यासारख्या चपट्या नाकाची, पाऊण मीटरच्या आत वाढणारी एक मुशी मुंबईपासून रत्नागिरीपर्यंत बाजारात नेहमी दिसते. मोरीचे कालवण मिटक्या मारीत खाणाऱ्या कितीतरी जणांना आपण शार्क खात आहोत हे ठाऊकच नसते!

शार्कच्या शरीरात हाडे नसतात. त्याचा सांगाडा कूर्चेचा असतो. आपल्या कानाचा वरचा भाग दाबून पाहा. तो जसा लवचिक लागतो, तशी ही कूर्चा. हाडे असलेल्या बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तीही शार्कला नसते. त्याऐवजी त्याचे यकृत खूप मोठे असते आणि त्यात भरपूर तेल असते. तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे शार्कला तरंगायला मदत होते.

आता किनाऱ्याच्या पाण्याचा विचार करू. खोल समुद्रातले पाणी बाराही महिने जवळजवळ सारखेच असते. किनाऱ्याचे तसे नाही. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. सकाळी जिथे दोन पुरुष पाणी होते, तिथे दुपारी चिखल उघडा पडतो. पावसाळ्यात नद्या गढूळ पाण्याचे लोट घेऊन येतात आणि खाडीचे खारे पाणी गोडसर होऊन जाते. त्यात चिखल इतका की स्वतःचा हात दिसू नये. अशा ठिकाणी राहायचे म्हणजे डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

शार्कचे डोळे वाईट असतात असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. त्याच्या डोळ्यांत आतल्या बाजूला आरशासारखा चकचकीत थर असतो. असाच थर मांजराच्या डोळ्यांत असतो, म्हणून रात्री मांजराचे डोळे चमकतात. या थरामुळे अंधूक प्रकाशातही शार्कला चांगले दिसते. पण पाणीच चिखलाने भरले असेल तर चांगला डोळा तरी काय करणार?

मग नाक कामाला येते. शार्कच्या तोंडापुढे, खालच्या अंगाला दोन नाकपुड्या असतात. त्यांचा श्वासाशी काही संबंध नाही. श्वास तो कल्ल्यांनी घेतो. नाकपुड्या फक्त वास घेण्यासाठी. पाण्यातून वाहत आलेला वास ज्या नाकपुडीत आधी पोहोचतो, त्या बाजूला शार्क वळतो. दोन नाकपुड्यांतला हा फरक एका सेकंदापेक्षाही कमी असतो, तरी तो त्याला कळतो. मैलभर अंतरावर सांडलेल्या रक्ताच्या एका थेंबाचा वास शार्कला येतो, असे आपण ऐकतो. ही मात्र दंतकथा आहे. वास पाण्याबरोबर वाहत आल्याखेरीज कोणालाच येत नाही, आणि मैलभर वाहत येईपर्यंत एका थेंबातले उरते तरी काय?

शार्कला कानही असतात, पण ते बाहेरून दिसत नाहीत. डोक्यावर फक्त दोन बारीक छिद्रे असतात. जखमी मासा तडफडतो तेव्हा पाण्यात जो घुमणारा, जाड आवाज उठतो, तसे आवाज त्याला लांबून ऐकू येतात. याशिवाय डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन्ही कुशींवर एक बारीक नळी कातडीखालून जाते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पार्श्व म्हणजे बाजू. जवळून एखादा मासा गेला की पाणी हलते आणि ते हलणे या रेषेला कळते. आपण डोळे मिटून बसलो असताना शेजारून कोणी गेले, तर वाऱ्याची झुळूक अंगाला लागते, तसेच काहीसे.

इथपर्यंतच्या जाणिवा आपल्या ओळखीच्या आहेत किंवा निदान कल्पनेत येणाऱ्या आहेत. पण शार्कजवळ आणखी एक जाणीव आहे, जी माणसाजवळ मुळीच नाही. तिचा शोध कसा लागला ती हकिकत मोठी रंजक आहे.

शार्कच्या नाकाडावर आणि तोंडाभोवती बारीक बारीक छिद्रे असतात. कोणी सुईने टोचून ठेवावीत तशी ती दिसतात. बाजारात मुशी दिसली तर जरूर पाहा. प्रत्येक छिद्रातून एक नळी आत जाते. तिच्यात जेलीसारखा पातळ चीक भरलेला असतो आणि तळाशी एक छोटी कुपी असते. इटलीतील स्तेफानो लोरेंझिनी या वैद्याने १६७८ मध्ये या कुप्यांचे वर्णन केले. म्हणून आजही त्यांना लोरेंझिनीच्या कुप्या म्हणतात. पण त्यांचा उपयोग काय, हे त्यालाही सांगता आले नाही. पुढची पावणेतीनशे वर्षे ते कोडेच राहिले. कोणी म्हणे, यांनी पाण्याचे तापमान कळत असावे. कोणी म्हणे, दाब कळत असावा. १९६० मध्ये आर. डब्ल्यू. मरे या इंग्लंडमधील शास्त्रज्ञाने दाखवून दिले की अत्यंत क्षीण विजेलाही या कुप्या दाद देतात.

पण समुद्रात वीज कुठून आली? आणि शार्कला तिचा उपयोग तरी काय? याचे उत्तर आद्रियानुस कालमाइन या डच शास्त्रज्ञाने शोधले. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे प्रयोग इतके साधे आणि चोख आहेत की ते वाचताना मन प्रसन्न होते. शास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने ते समजून घ्यावेत असे मला वाटते.

त्याने एका टाकीत वाळू पसरली. वाळूखाली एक जिवंत चपटा मासा दडवला. हा मासा आपल्याकडच्या लेप माशासारखा असतो आणि वाळूत अंग पुरून बसण्यात पटाईत. मग त्याने एक लहान शार्क टाकीत सोडला. शार्क पोहत पोहत जवळ आला, एकदम वळला आणि नेमक्या जागी वाळू उकरून त्याने मासा बाहेर काढला. मासा दिसत तर नव्हताच. मग शार्कला तो वासाने सापडला असेल का?

हे ताडून पाहण्यासाठी कालमाइनने माशावर अगरचे झाकण केले. अगर म्हणजे समुद्रातल्या शेवाळापासून काढलेला पदार्थ. रमजानमध्ये आपल्या घरी दूध आटवून जो 'चायना ग्रास' करतात, तोच हा. अगरमधून वीज आरपार जाते, पण वास जात नाही. झाकणाच्या आतले पाणी, म्हणजे माशाचा वास, त्याने एका नळीने टाकीत दुसरीकडे सोडला. तरीही शार्क माशावरच झडप घालायला आला. मग जिवंत माशाऐवजी त्याने आत मेलेल्या माशाचे तुकडे ठेवले. आता शार्क तुकड्यांकडे फिरकला नाही. नळीतून जिथे वास येत होता तिथे शोधत राहिला. मग पुन्हा जिवंत मासा ठेवून त्याने अगरवर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा पसरला. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. शार्क माशाच्या अगदी वरून पोहत गेला, पण त्याला काहीच कळले नाही.

शेवटी कालमाइनने मासा काढूनच टाकला. वाळूत विजेची दोन टोके पुरली आणि त्यांतून माशाच्या अंगातून येते तेवढीच क्षीण वीज सोडली. शार्क आला आणि वाळू उकरून त्या टोकांनाच चावू लागला! शेजारी माशाचा खरा तुकडा पडलेला होता, तरी त्याचे लक्ष विजेकडेच.

गोष्ट अशी आहे की प्रत्येक सजीवाच्या शरीरात क्षार असतात, स्नायू हालतात, हृदय धडधडते. यामुळे शरीराभोवती अगदी थोडी वीज निर्माण होत असते. मासा वाळूत कितीही निपचित पडला तरी त्याला श्वास घ्यावाच लागतो. आणि शार्कला ही वीज जाणवते. ती किती क्षीण असते याचा हिशेब ऐका. टॉर्चमध्ये घालतात तसा दीड व्होल्टचा एक सेल घ्या. त्याच्या एका टोकाची तार काश्मीरच्या उत्तरेला आणि दुसऱ्या टोकाची कन्याकुमारीजवळ समुद्रात सोडली आहे, अशी कल्पना करा. म्हणजे दोन्ही टोकांत सुमारे तीन हजार किलोमीटर अंतर. या अंतरात दीड व्होल्ट सारखे वाटून दिले तर प्रत्येक सेंटिमीटरच्या वाट्याला जेवढी वीज येईल, तेवढीही शार्कला कळते.

मात्र एक लक्षात ठेवले पाहिजे. ही जाणीव लांबून उपयोगी पडत नाही. माशाची वीज हातभर अंतरातच विरून जाते. म्हणून शार्क आधी आवाजाने आणि वासाने जवळ येतो, मग पार्श्वरेषेने अंदाज घेतो, आणि शेवटचा हातभर टप्पा या कुप्यांच्या भरवशावर पार करतो. झडप घालताना अनेक शार्क डोळे झाकून घेतात, म्हणजे भक्ष्याच्या धडपडीत डोळ्यांना इजा होत नाही. तेव्हा डोळ्यांचे काम या कुप्याच करतात.

कानमुशीचे डोके हातोड्यासारखे आडवे का असते, याचाही काही उलगडा इथे होतो. रुंद डोक्यावर या कुप्या लांबवर पसरलेल्या असतात. कानमुशी तळाजवळून पोहते आणि डोके इकडून तिकडे फिरवीत जाते. विमानतळावरचा शिपाई हातातले यंत्र आपल्या अंगावरून फिरवतो ना, अगदी तसे. वाळूत दडलेले पाकट हे तिचे आवडते खाद्य.

आता मिठाच्या प्रश्नाकडे वळू, कारण वैतरणेच्या खाडीतल्या शार्कचे कोडे तिथेच सुटते.

समुद्रात राहणाऱ्या बहुतेक माशांच्या रक्तात समुद्रापेक्षा मीठ कमी असते. त्यामुळे त्यांच्या अंगातले पाणी सारखे बाहेर ओढले जाते. लोणच्याच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, त्यातलाच प्रकार. शार्कने यावर वेगळाच तोडगा काढला आहे. आपण मूत्रावाटे जो युरिया बाहेर टाकतो, तो शार्क आपल्या रक्तात साठवून ठेवतो. त्यामुळे त्याचे रक्त समुद्राच्या पाण्याच्या तोडीचे होते आणि अंगातले पाणी बाहेर जात नाही. जास्तीचे मीठ बाहेर टाकण्यासाठी आतड्याच्या शेवटी एक ग्रंथी असते.

हे तुम्ही पुस्तकाबाहेरही अनुभवले असेल. मुशी ताजी नसली की तिला अमोनियाचा उग्र वास मारतो. मासा मेल्यावर जंतू त्याच्या अंगातल्या युरियाचा अमोनिया करतात, म्हणून हा वास. आमच्या घरी अम्मी मुशी नाकाजवळ नेल्याखेरीज कधी विकत घेत नसे. तिला युरिया हा शब्द माहीत नव्हता, पण परीक्षा अचूक होती.

असा युरियाने भरलेला शार्क गोड्या पाण्यात गेला तर उलटे संकट येते. आता बाहेरचे पाणी अंगात शिरू लागते. बहुतेक शार्क हे सोसू शकत नाहीत आणि नदीच्या मुखापासूनच परततात. बुल शार्क मात्र आपले शरीर पाण्याप्रमाणे बदलतो. रक्तातला युरिया कमी करतो, मीठ टाकणाऱ्या ग्रंथीचे काम मंदावते, आणि मूत्रपिंडे भरपूर पातळ मूत्र तयार करून आत शिरलेले पाणी बाहेर काढतात. समुद्रात परत गेल्यावर सारे पुन्हा उलट.

मध्य अमेरिकेत निकाराग्वा नावाचे गोड्या पाण्याचे विशाल सरोवर आहे. तिथले शार्क पाहून लोकांना वाटे की ही निराळीच जात आहे आणि ती तिथेच अडकून पडली आहे. थॉमस थॉर्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्या शार्कना खुणेचे बिल्ले लावले. काही बिल्लेवाले शार्क पुढे सरोवर सोडून समुद्रापाशी सापडले आणि समुद्राकडचे काही सरोवरात सापडले. सान हुआन नदीतले धबाबा वाहणारे उतार चढून ते ये-जा करीत होते. ही माहिती १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियात तर ब्रिस्बेनजवळ याहून नवल घडले. १९९० च्या दशकात नदीला पूर आला आणि काही बुल शार्क एका गोल्फच्या मैदानातील तळ्यात शिरले. पूर ओसरल्यावर ते तिथेच अडकले आणि सुमारे सतरा वर्षे त्या तळ्यात जगले.

ही जात खाडीत शिरते ती केवळ खाण्यासाठी नव्हे. माद्या खाडीच्या तोंडाशी येऊन पिले देतात आणि पिले पहिली काही वर्षे नदीत व खाडीत काढतात. मोठे शार्क लहान शार्कना खातात. गोडसर पाण्यात इतर मोठे शार्क येत नाहीत, म्हणून पिलांना तिथे आसरा मिळतो. माणूस हे शार्कचे खाद्य नाही. पण गढूळ पाण्यात काही हालले की कधीकधी तो चावून पाहतो, आणि त्याचे चावून पाहणेही आपल्याला फार महागात पडते.

किनाऱ्यावर वादळाचाही धोका असतो. १४ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर गॅब्रिएल नावाचे वादळ धडकले. तिथल्या एका उथळ उपसागरात शास्त्रज्ञांनी ब्लॅकटिप जातीच्या शार्कच्या पिलांना आवाज देणारी छोटी यंत्रे लावलेली होती. वादळ येण्याआधी हवेचा दाब उतरू लागला आणि पिले एकामागून एक उपसागर सोडून खोल पाण्यात निघून गेली. ती जन्मल्यापासून प्रथमच बाहेर पडत होती. त्यांना कोणी शिकवले होते? वादळ सरल्यावर काही दिवसांनी ती परत आली. हवेचा दाब उतरला की पाण्यातला दाबही किंचित उतरतो, आणि तो त्यांना कानाच्या आतल्या भागात जाणवत असावा, असे मानतात. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळ खडकांत तर एक छोटा शार्क ओहोटीच्या वेळी डबक्यात अडकला, तर पर चिखलावर टेकवीत चक्क चालत दुसऱ्या डबक्यात जातो. डबक्यातला प्राणवायू संपला तरी तो तासभर तग धरतो.

जाणिवांची ही हकिकत मी बिमिनी बेटांवर आणून थांबवणार आहे. बिमिनी ही बहामा देशातली लहानशी बेटे. तिथे खारफुटीच्या झाडांची दाट राने आहेत. कोकणात या झाडांना तिवर म्हणतात. पाण्यात उतरलेल्या त्यांच्या मुळांच्या जाळीत लेमन शार्कची पिले वाढतात. पाणी उथळ आणि मुळे दाट असल्यामुळे मोठे शार्क तिथे येऊ शकत नाहीत. सॅम्युएल ग्रुबर या शास्त्रज्ञाने १९९० मध्ये तिथे संशोधन केंद्र सुरू केले. १९९५ पासून दरवर्षी तिथली पिले पकडायची, खुणेचा कण बसवायचा, पराचा नखाएवढा तुकडा तपासणीसाठी घ्यायचा आणि त्यांना सोडून द्यायचे, असे काम चालू राहिले. वीस वर्षे एकच काम!

मोठी झाल्यावर ही पिले बेटे सोडून दूर समुद्रात जातात. लेमन शार्कची मादी सुमारे बारा वर्षांनी पिले देण्याजोगी होते. एका वेळी ती जेमतेम दहा-पंधरा पिले देते. बांगड्यासारखी हजारो अंडी नव्हे. २०१३ च्या अखेरीस या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९९३ ते १९९७ या काळात बिमिनीत जन्मलेल्या निदान सहा माद्या, चौदा ते सतरा वर्षांनी, पिले देण्यासाठी बिमिनीलाच परत आल्या होत्या.

त्यांना वाट कशी सापडली? पृथ्वीच्या चुंबकत्वाचा त्यात हात असावा. २०२१ मध्ये फ्लॉरिडातील शास्त्रज्ञांनी कानमुशीच्या कुळातील वीस लहान शार्क एका टाकीत एकेक करून सोडले. टाकीभोवती तारांची वेटोळी होती. त्यांतून वीज सोडून त्यांनी टाकीत सहाशे किलोमीटर दक्षिणेकडचे चुंबकत्व तयार केले. टाकी जागच्या जागीच होती, पण शार्कना वाटले की आपण घरापासून दूर दक्षिणेला आलो आहोत. ते उत्तरेकडे तोंड करून पोहू लागले.

बिमिनीच्या त्या माद्या लहान असताना तिथले तिवर जसेच्या तसे होते. पुढे एका मोठ्या हॉटेलसाठी बरेच तिवर तोडले गेले. २००१ मध्ये समुद्राचा तळ खरवडून गाळ काढण्याचे काम जोरात सुरू झाले. त्यानंतरच्या वर्षांत तळावरचे गवत विरळ झाले आणि पहिले वर्ष पार करणाऱ्या पिलांचे प्रमाणही घटले. माद्या त्याच ठिकाणी परतल्या त्या याच्याही नंतर.